पिशवीतला ठराव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडले तरी हे सोडून बाकी सगळं बोलते. मग तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आंदर मावळातल्या आमच्या गावाची मी पहिली बाई सरपंच. जागा बायकांसाठी राखीव निघाली, मी तळेगावात बारावीपर्यंत शिकलेली, म्हणून मला उभं केलं. आजही प्रशिक्षणांना बोलावतात. गावच्या कारभारात बाईनं कसं तोंड उघडावं, ते मी सांगते. बायका टाळ्या वाजवतात. मी पाणी पिते आणि खाली बसते.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला कातळातून येणारा एक झरा होता. भर मे महिन्यातही न आटणारा. त्याच्या भोवतालची जमीन बंगल्यांच्या स्कीमला विकली गेली आणि त्यांना रस्त्यासाठी ग्रामसभेची ना हरकत हवी होती. झरा त्यांच्या कुंपणात जाणार होता. पुरुष म्हणत होते, रस्ता होईल, पोरांना कामं लागतील. पण पाणी कोण भरतं? डोक्यावर हंडा कुणाच्या असतो?

सुमनताई माझी चुलत जाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. तळेगावची पोरगी म्हणून सगळे मला हसायचे, तेव्हा गुडघाभर चिखलात माझ्या शेजारी उभं राहून तिनं मला भाताची लावणी शिकवली. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती कागदावरच व्हायची. त्या वर्षी सुमनताई चारही वस्त्यांवर दारोदार फिरली आणि अडतीस बायका शाळेच्या व्हरांड्यात आल्या. ग्रामसेवक भाऊसाहेब तालुक्याला गेलेले, तेव्हा ठराव तिनंच लिहिला, नातीच्या वहीच्या पानावर. चौथी शिकलेली बाई — एकदा चुकली, पान फाडलं, पुन्हा लिहिलं. रस्त्याला आमची ना नाही, झरा तेवढा कुंपणाबाहेर ठेवावा. एवढंच. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. मी म्हणाले, उद्या रजिस्टरात चढवू. बायका पांगल्यावर तिनं पानाची घडी घातली आणि स्वतःच्या हातानं माझ्या पिशवीत सरकवली.

आता पुढचं.

लोकांना वाटतं, ग्रामसभेत मी झऱ्यासाठी बोलले नाही, ते नवऱ्यानं गप्प बसवलं म्हणून. मी तसं वाटू दिलं — सोपं होतं ना ते? खरं असं, की माझा नवरा त्या दिवशी कंपनीत पहिल्या पाळीला होता. मला कुणी दम दिला नाही. कुणी धमकावलं नाही. धमकावलं असतं तर बरं झालं असतं, असंही कधीकधी वाटतं.

झालं ते असं. आबा म्हणजे गावातले मोठे जमीनवाले, सगळी सभा त्यांच्याकडे बघून चालायची. दोन वर्षांत ते माझ्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. ‘तुज्या बायकोला सांग,’ असं नवऱ्याला म्हणायचे. मी सरपंच, पण बसायची कडेच्या खुर्चीवर. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः उठून मधली खुर्ची पुढे केली. “सरपंच, हितं बसा,” म्हणाले. सरपंच! मी बसले. तुम्हाला कसं सांगू, किती बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, “बायकांकडनं लेखी काय आलंय का?”

उत्तर काय हवंय ते मला कळलं होतं. आणि मी म्हणाले, “नाही. काही आलेलं नाही.”

मागून सुमनताई उभी राहिली. “मंगल, आगं तुज्या पिशवीत ठिवलाय की मी. बघ ना.”

मी पिशवीत हात घातला. घडी बोटांना लागली. मी हात फिरवत राहिले, सगळ्यांसमोर, बराच वेळ — आणि रिकामा बाहेर काढला.

“नाही गं ताई.”

कुणीतरी म्हणालं, “सपान पडलं आसंल काकूला.” सगळे हसले. बाकीच्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. ती म्हणाली, “आसं कसं व्हईल?” मग पदर सावरून खाली बसली. ना हरकत मंजूर झाली. संध्याकाळी पाणी तापवताना मी ते पान चुलीत घातलं.

इतकंच असतं तरी पुरे होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारातून पाहिलं — सुमनताई शाळेपासून माझ्या घरापर्यंतची वाट धुंडाळत होती. वाकून बांध बघत होती, घाणेरीच्या झुडपांत हात घालत होती. तिला खरंच वाटत होतं, की तिनंच कागद पिशवीत नीट सरकवला नाही, म्हणून तो वाटेत पडला. मी हाक मारली नाही.

कुंपण झालं. बायका लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या, आणि चढ चढताना बोलायच्या, सुमननं कागद हरवला म्हणून हे नशिबी आलं. तिच्या तोंडावर बोलायच्या. ती ऐकून घ्यायची. पुढच्या वर्षी बायकांच्या सभेला सहाजणी आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी कुणीच नाही. सुमनताई तर शाळेच्या व्हरांड्याची पायरी परत चढलीच नाही.

आता आम्ही तळेगावात राहतो. सुमनताई बेगडेवाडीला लेकीकडे असते, डोळ्यांनी अधू झालीय. मागच्या दिवाळीत लेकीनं तिला मुद्दाम माझ्याकडे आणलं, तिनंच हट्ट धरला होता. चहा झाल्यावर तिनं चाचपडत माझा हात धरला.

“मंगल, त्या सभंत म्या तुला लोकांपुढं खोटं पाडाया निगालते. लय वर्सं मनात हाय. माफ कर बाय मला.”

बोलायची वेळ हीच होती की नाही? घरात आम्ही तिघीच होतो. मला कशाची भीती होती?

मी तिचा हात थोपटला. म्हणाले, “जाऊ दे ताई. मी कधीच मनातून काढून टाकलं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीला म्हणाली, “बग, किती मोट्या मनाची हाय.”

तळेगाव ते बेगडेवाडी दोन स्टेशनं आहेत. त्यानंतर मी गेलेले नाही.