दसऱ्याचा न उडवलेला बार

माझ्या आजोबांची ठासणीची बंदूक घोडपदेवच्या आमच्या खोलीत खुंट्यांवर टांगलेली असे. एकनळी, लांबलचक, आणि इतकी जड की उभ्याने नेम धरला तर थोड्याच वेळात हात थरथरू लागत. परवाना माझ्या नावावर होता आणि त्याचा मला फार तोरा होता.

गावी दसऱ्याला बंदुकीची पूजा बार भरूनच होई. सोनं लुटून परतल्यावर तो बार अंगणातून आभाळाकडे उडवायचा. मुंबईत अंगण नव्हतं, तरी मी रीत सोडली नव्हती; चाळीमागच्या मोकळ्या जागेत जाऊन उडवीत असे. त्या वर्षी तिथे पोलीसशिपाई येऊन बसला होता. मी घोड्याखालची, बार पेटवणारी टोपी काढून घेतली आणि भरलेली बंदूक तशीच खुंट्यांवर चढवली. उद्या बघू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली आणि मी विसरलो.

कार्तिकात शिवडीच्या खाडीवर बदकं उतरू लागली. माझा भाचा तेव्हा अठरा वर्षांचा, नुकता गिरणीत मागावर लागलेला. बंदूक चालवायला शिकव म्हणून कधीचा माझ्या मागे होता. एका सुट्टीच्या सकाळी मी त्याला मिठागरांच्या बांधावर घेऊन गेलो. त्याने बंदूक खांद्याला लावून पाहिली.

"मामा, ही बंदूक हा की घराचो वासो?"

"गप रे. हिच्यानं आजोबांनी डुक्कर मारलाय."

"गोळी लागून मेलो, की ही आंगार पडली म्हणान?"

मीही हसलो. मग भरायचं कसं ते सांगू लागलो: आधी दारू, वर चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, दर वेळी गजाने ठासायचं. आजोबांनी मला या सगळ्याच्या आधी एक गोष्ट शिकवली होती. भरण्यापूर्वी नळीत नुसता गज सोडून बघायचा. तो तळापर्यंत गेला तरच नळी रिकामी. तेवढं मी केलं नाही, त्यालाही सांगितलं नाही. समोर बदकं होती आणि मला गुरू म्हणून मिरवायचं होतं.

ठासता ठासता तो थांबला. "मामा, गज लय वर रवता."

मी पाहिलं. गज चांगला वीतभर बाहेर होता. काहीतरी चुकतंय असं मनात येऊन गेलं, हे मी आज नाकारत नाही. पण तोंडाने म्हणालो, "हातात जोर नाय तुझ्या. ठास अजून."

त्याने दोन्ही हातांनी ठासलं. मी घोड्याखाली टोपी बसवून दिली.

त्याने बदकांवर नेम धरून चाप ओढला आणि नळी मध्येच फुटली. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. बैलगाडीत त्याचा हात माझ्या धोतरात गुंडाळून बसलो असताना मला दसरा आठवला.

इस्पितळात अंमलदाराने विचारलं, "बार कोणी भरला?"

"मीच, साहेब," भाचा म्हणाला. "मामान बराबर सांगितलेला. मीच दारू जास्त घातलंय."

मी खाली मान घालून उभा होतो. अंमलदाराने तसंच लिहून घेतलं. थोड्या वेळाने माझी थोरली बहीण, त्याची आई, धावत आली. पोराला पाहून रडली, आणि मग माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, "आजोबांची बंदूक फोडली रे माझ्या पोरानं. त्याच्यावर रागावू नको."

तुटलेला धागा गाठायला अंगठा लागतो. मागावरून त्याला काढून टाकलं. पुढे तो शिवडीला एका गोदामावर पहारेकरी झाला. घरात काही बिनसलं की बहीण त्याला म्हणे, "मामाचं ऐकलं असतंस तर हात शाबूत असता." अनेकदा हे माझ्यासमोर झालं. तो ऐकून घेई, आणि मीही.

बहीण प्लेगात गेली. त्यानंतर वर्षभराने, गोदामाच्या ओट्यावर बसून, मी भाच्याला सगळं सांगितलं. दसऱ्याचा बार, बाहेर राहिलेला गज, इस्पितळातलं माझं गप्प राहणं.

तो म्हणाला, "आये जिती असताना कित्याक नाय सांगितलंस? ती माका मूर्ख समजान मेली."

तो उठला आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं. त्यानंतर मी तीनदा तिथे जाऊन आलो. तो बाहेर आला नाही.