पेटी का पुडी

आमच्या कळंबात चार माणसं एका जागी बसली की किश्श्यांना तोटा नसतो. त्यात ती चौघं पन्नाशीला टेकलेली असली, अन् अजून सुपरहिरोचे कॉमिक्स वाचत असली, तर मग विचारूच नका! आमच्या बायका म्हणतात, ह्यांचं वय वाढलं, अक्कल तिथंच राहिली. म्हणू द्या.

आमची बैठक रविवारी दुपारी, शकीलभाईंच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानात, मागच्या बाजूला. शकीलभाई, शेजारचे भेळवाले दत्तूआण्णा, हायस्कूलचे कांबळे सर अन् मी मेडिकलवाला. आमचा हिरो 'कॅप्टन उल्का'. शाळेत होतो तवापासून वाचतोय. अंक एकच मागवायचा, सरांनी मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकत ऐकत शिव्या घालायच्या. वाचून झालं की एकच सवाल, पेटी का पुडी?

चौघंही 'पेटी' म्हणाले तरच अंक शकीलभाईंच्या पत्र्याच्या पेटीत जातो. एकानं जरी नाक मुरडलं तर आण्णा त्याची पानं फाडून त्यातच आम्हाला भेळ देतात. उरलेली पानं गिऱ्हाइकाला. हल्ली असले भंगार अंक निघतायत की पेटीचं कुलूप गंजून गेलं.

आता ह्या आमच्या कोर्टावर सरांनी पोरीचं भविष्य टांगलं. प्राजक्ता त्यांची एकुलती एक. इंजिनिअर झाली, नोकरी लागली, ती सोडली अन् पुण्यात कॉमिक्सची चित्रं काढायला लागली. ते बी आमच्याच कॅप्टनची! सरांना वाटायचं, तिनं बँकेची परीक्षा द्यावी अन् डोळ्यासमोर राहावं. घरात लई वाजलं. शेवटी बापलेकीत ठरलं. तिचा पहिला अंक पेटीत गेला तर तिनं खुशाल चित्रं काढावीत, पुडी झाली तर गावाकडं येऊन परीक्षेला बसावं. पोरगी व्हय म्हणाली. सरांनी आम्हाला बजावलं, कुणी भीडभाड ठेवायची न्हाय. आम्ही कधी ठेवली होती?

तिचा अंक येईस्तोवर आमच्या जिभेला काय काय खाद्य मिळालं ते ऐका.

आधी कॅप्टन मेला. मुखपृष्ठ काळंकुट्ट, वर 'अंतिम बलिदान'. आण्णा हळव्या मनाचे, त्यांच्या डोळ्याला धार लागली. चौघांनी एकमतानं अंक पेटीत ठेवला. अन् दोन महिन्यांत पठ्ठ्या हजर! म्हणे मेला तो दुसऱ्या विश्वातला कॅप्टन. आण्णांना इतका राग आला की पेटी उघडून त्यांनी तो अंक स्वतः बाहेर काढला अन् त्यात ओली भेळ बांधली. शकीलभाई थंडपणे म्हणाले, "आण्णा, त्यात काय नवल? आपल्याकडं मेलेला माणूस सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं जिता असतो."

मग कंपनीनं मालिका पुन्हा अंक एकपासून चालू केली. नवी सुरुवात म्हणे. काही महिन्यांनी परत अंक एक. परत कॅप्टनचा जन्म, परत उल्का पडली, परत त्याला शक्ती आली. तिसऱ्या खेपेला सरांनी अंक मिटून मांडीवर ठेवला. म्हणाले, "पंचवीस वर्षं शिकवतोय. एकच पोरगं इतक्यांदा पहिलीत बसलेलं बघितलं न्हाय."

नवा पोशाख आला तो वेगळाच तमाशा. अंगाला चिकटलेला, निऑन पट्ट्यांचा, गुडघ्याला चिलखत. कॅप्टन म्हणे गुप्त मोहिमेवर निघाला होता! शकीलभाईंनी पान लांब धरून, जवळ धरून बघितलं. खिसा एक न्हाय, चेन कुठं दिसत न्हाय. हा माणूस घालतो कसा अन् काढतो कसा, ह्यावर त्यांनी अर्धा तास व्याख्यान दिलं. शेवटी निकाल दिला, "फुकट वाटला तरी कळंबात खपायचा न्हाय."

दुष्काळ विशेषांकानं तर कळसच केला. कॅप्टन महाराष्ट्राच्या एका खेड्यात येतो. खेडं कसं? तर मागं वाळूचे डोंगर, बायकांच्या अंगावर घागरे अन् पाराजवळ उंट! चित्रकारानं आयुष्यात कळंब सोडा, बार्शी बी बघितलेली नसणार. कॅप्टन एका बुक्कीत डोंगर फोडतो, नदी वाहते, सगळं गाव हात जोडून रांगेत उभं. आण्णा भडकले.

"गावात पाणी आलं अन् भांडण न्हाय झालं?" ते म्हणाले. "ह्यानं कधी टँकर बघितला न्हाय. बांधा पुडी."

त्या अंकाची एक गंमत. जळकोटकडचा एक पाहुणा भेळ खाता खाता पुडीचं पान वाचत बसला. त्यात कॅप्टन कड्याला लटकलेला. पाहुण्याला राहवेना. पुढचं पान मिळावं म्हणून त्यानं आणखी एक भेळ घेतली, तर त्यात जाहिरात निघाली. तिसरी घेतली, तर त्यात उंट! त्यानं आण्णांना विचारलं, पुढं काय होतं? आण्णा म्हणाले, पुढं बी असंच हाय. पाहुणा म्हणाला, "मग शेव तरी जास्ती टाका."

ह्या सगळ्या काळात सर एकदम खुश. अंक जितका भिकार, तितकी त्यांना पोरगी घरी यायची आशा. मला ते बघवत नव्हतं. प्राजक्ता ह्याच दुकानात, शर्टाच्या खोक्यांवर कॅप्टन काढत वाढलेली.

अन् तिचा अंक आला.

सर वाचायला बसले, हजेरी घेतल्यासारखा कोरडा आवाज. गोष्ट म्हणाल तर रद्दी. कॅप्टनची स्मृती गेली, परत एकदा! लिहिणारा तोच जुना गडी. आम्ही तिघं जीभ चावत ऐकत होतो. मग एका पानावर सर थांबले. त्या पानात शब्दच नव्हता, वाचणार काय? त्यांनी अंक आमच्याकडं फिरवला.

एसटी स्टँड होता. बाकड्यावर कॅप्टन बसलेला, आपण कोण हे विसरलेला. शेजारी एक म्हातारी, मांडीवर गाठोडं. ती त्याला न बघता शेंगा पुढं करतेय, अन् तो घेतोय. फलाटाला तडा, तड्यात बसची तिकिटं अडकलेली. आमच्याच स्टँडचा तडा तो. सरांनी ते पान लई वेळ तसंच धरलं. अंक वाचून संपला तरी ते परत त्याच पानावर आले.

मी म्हणालो, पेटी. आण्णा म्हणाले, पेटी. शकीलभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पोरीचं चित्र लाखात एक," ते म्हणाले. "पण सर, तुम्हीच म्हणाला भीड ठेवू नका. अंक म्हणून विचाराल तर पुडी."

झालं! सरांचं मत घ्यायची गरजच उरली नाही. मी शकीलभाईंकडं असं बघितलं की त्यांनी मान खाली घातली. पोरगी आता गावाकडं येणार, परीक्षेला बसणार. सरांना पाहिजे तेच झालं. आण्णांनी सवयीनं पानांसाठी हात पुढं केला.

सरांनी अंक बॅगेत घातला अन् चेन लावली.

"आण्णा," ते म्हणाले, "आज भेळ ताटलीत द्या."

आण्णा ताटल्या हुडकायला गेले, तेवढ्यात सरांचा फोन वाजला. पुण्याहून. दुकान इतकं गप्प होतं की पोरीचा आवाज आम्हाला सुद्धा ऐकू येत होता. ती विचारत होती, "बाबा, पेटी का पुडी?"

सरांनी आमच्याकडं एकदा बघितलं. बॅग मांडीवर घट्ट धरलेली.

"अगं, आमचं वाचून व्हायचंय अजून," ते म्हणाले. "तू पुढचा काढायला घे."