खाली खांदा कुणाचा?

"घे, खांद्यावर घेऊन दाखव," म्हणत सरांनी प्लास्टिकची खुर्ची माझ्या पुढ्यात ढकलली. देवपूरचं कॉलेज, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, सगळा वर्ग बघतोय. मी घेतली. पास व्हायचं होतं. दारापासून फळ्यापर्यंत चालवलं मला. पोरं मोबाईलवर शूट करत होती.

गुन्हा एवढाच, की मी मराठीत एक कॉम्प्युटरवरचा खेळ लिहिला होता. चित्रं नाहीत, नुसते शब्द. खेळणाऱ्याने टाइप करायचं, 'विळ्याने घड काप'. प्रोग्राम उलट विचारतो, 'खाली खांदा कुणाचा?' कुणीच नसलं तर केळीचा घड आपटतो, माल वाया जातो, व्यापाऱ्याची गाडी रिकामी जाते.

माझा बाप यावलकडे केळीच्या कापणीवर मजूर. तिथं एक कापतो, दुसरा खांद्यावर झेलतो. बाप झेलणारा. चिकाने काळा झालेला एकही सदरा त्याचा पुन्हा पांढरा झाला नाही.

सर म्हणाले होते, "खेळात हत्यार आणि वस्तू, एवढंच लागतं. विळा लावला, घड कापला, संपलं. मध्ये हा हमाल कशाला घुसवलास?"

"सर, त्याच्याशिवाय कापतच नाहीत."

"कोण आहे तो तुझा? बाप?"

"हो."

मग ती खुर्ची. आणि फळ्यापाशी पोचल्यावर, "बघा, शिकवावं लागलं नाही. रक्तातच आहे."

वर्ग हसला. मीही हसले. हो, मी! माझ्या बापावर. त्या हसण्याची लाज मला सरांच्या बोलण्याहून जास्त वाटते.

"आता ती खांद्याची अट खोडायची. माझ्यासमोर. मग सही."

शेजारची मैत्रीण शिंदखेड्याची. ती कुजबुजली, "काढी टाक व ती ओळ. पास व्हई जाशी."

मी ओळ निवडली. बोट खोडायच्या बटणावर ठेवलं. एक ओळ. ती गेली की विळा राहतो, घड राहतो, व्यापाऱ्याची गाडी राहते. बाप तेवढा जातो. आणि खोडणारी मी.

"नाही काढणार."

"नापास करीन."

"करा."

केलं. माझं वर्ष गेलं. बाप त्या दिवशी जेवला नाही. मी कुणाला शहाणपण शिकवत नाही, मला अजून रडू येतं. पण पुढच्या परीक्षेला मी तोच खेळ नेणार आहे, त्याच अटीसकट, त्याच सरांपुढे. पुन्हा नापास केलं तर पुन्हा बसेन. वर्ग हसला तर हसू दे. मी हसणार नाही.