बकुळाच्या बोटीतला दीड इंच

बोटीचं नाक उजवीकडे वळलंय, हे बकुळा पेडणेकरला दिसलं ते दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, दात घासताना. खाली चाळीच्या पटांगणात सुताराच्या दोन घोड्यांवर बारा फुटांची प्लायवूडची बोट होती. रात्रीच्या वाऱ्याने तिच्यावरची ताडपत्री सरकली होती. जवळून पाहताना इतके दिवस जे लक्षात आलं नव्हतं, ते वरून सरळ दिसत होतं. बोट समोर बघत नव्हती. कुणीतरी हाक मारल्यासारखी भोईवाड्याच्या कोर्टाच्या दिशेने बघत होती.

बकुळा चोपन्न वर्षांची. परळच्या एका हॉस्पिटलात प्लास्टर रूमची टेक्निशियन म्हणून तिने सत्तावीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यानंतर कधीतरी तिने मोबाइलवर एका परदेशी माणसाला शिडाची बोट बांधताना पाहिलं. प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने टाके घालायचे, आणि मग सांध्यांवर रेझिनमध्ये बुडवलेल्या काचकापडाच्या पट्ट्या बसवायच्या. टाके आणि पट्ट्या. हे तर आपलंच काम आहे, असं तिला वाटलं आणि तिने नकाशा मागवला.

बोट कशाला, हे मात्र ती प्रत्येकाला वेगळं सांगत होती. शेजारणींना तिने व्यायामासाठी म्हणून सांगितलं, बहिणीला विकण्यासाठी, आणि नवऱ्याला, बघू. माहेर आचऱ्याचं, पण घराण्यात समुद्रावर कुणी गेलेलं नाही. ती स्वतः आयुष्यात एकदाच बोटीत बसली होती, घारापुरीच्या, आणि तेव्हा तिला उलटी झाली होती.

पटांगण तिला जानेवारीत मंडळाचा सेक्रेटरी वैभव याने दिलं, एका अटीवर. गणपतीच्या मंडपाचा पहिला बांबू रोवायच्या आदल्या दिवशी जागा मोकळी हवी. तो दिवस आता सोळा दिवसांवर होता. दिवाळीनंतर चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होणार होती, म्हणजे पुढच्या वर्षी ना पटांगण, ना चाळ. शिवडीला वैभवच्या मित्राच्या शेडमध्ये बोट ठेवता आली असती, पण नुसत्या तारांच्या टाक्यांवर ती उचलली तर उकलली असती. आधी रेझिन लावायला हवं होतं. आणि रेझिन एकदा वाळलं की बोट जशी आहे तशी कायमची. वाकडी तर वाकडी. वाकड्या बोटीचं शीड फुगलं की ती एकाच बाजूला ओढत राहते, असं नकाशासोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. तेव्हा सोळा दिवसांत बोट सरळ तरी व्हायला हवी होती, नाहीतर तिच्या फळ्या मंडपाला जाणार होत्या.

बकुळाने शोध सुरू केला. घोडे एका पातळीत होते. टाके सारख्या अंतरावर होते. राहता राहिल्या दोन बाजूंच्या फळ्या. डावी फळी आणि तळ तिने स्वतः आखले होते, वडिलांच्या दोन फुटी पोलादी पट्टीने. उजवी फळी आखायची वेळ आली तेव्हा तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून ती हितेंद्रने आखली. हितेंद्र म्हणजे तिचा नवरा, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत मेंटेनन्सचा सुपरवायझर. त्याने ऑफिसची टेप वापरली होती.

दोघांनी आपापली फळी पुन्हा मोजली. तिची बरोबर बारा फूट भरली. त्याचीही बरोबर बारा फूट.

"माझं चुकलेलं नाही," हितेंद्र म्हणाला.

"मी कुठे म्हटलं तुमचं चुकलंय?"

"तोंडाने नाही म्हटलंस."

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी हितेंद्रने चिडून आपली टेप तिच्या फळीला लावली आणि आकडा दोनदा वाचला. बारा फूट दीड इंच. बकुळाने पट्टी त्याच्या फळीला लावली. दीड इंच कमी. पावसाळी हवेत प्लाय फुगलं असेल, असं हितेंद्रने सुचवलं. एकाच बाजूचं कसं फुगेल, असं बकुळाने विचारलं. त्यांनी लालबागहून दुसरी, नवी टेप आणली. नव्या टेपने हितेंद्रच्या बाजूने साक्ष दिली.

म्हणजे पट्टी खोटी. हे बकुळाला पटेना. तिचे वडील, राजाराम तावडे, गिरणीच्या मेकॅनिक खात्यात पॅटर्नमेकर होते. लाकडात अर्ध्या सुताचा फरक आला तर ते जेवायला उठत नसत. असा माणूस तीस वर्षं खोट्या पट्टीवर काम करत होता? पट्टीवर एका टोकाला काही अक्षरं कोरलेली होती, ती घासून सपाट झाली होती. तिने भिंग लावून पाहिलं. काही कळलं नाही. त्या रात्री तिने पट्टी कपाटात टाकून दार आपटलं, आणि नेमका राग कुणाचा आलाय तेही तिला सांगता आलं नसतं.

हा सगळा घोळ तळमजल्यावरचे कुशाबा रोज खुर्ची टाकून बघत होते. वय शहाऐंशी. त्याच गिरणीच्या ओतकामाच्या भट्टीवर त्यांची नोकरी झालेली. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून ते काही बोलले नव्हते. सहाव्या दिवशी बकुळाने पट्टी त्यांच्या बाजूला कठड्यावर ठेवली, तेव्हा त्यांनी ती उचलून अंगठा फिरवला.

"ही भाईर कुनी काढली?"

"मीच. बाबांची आहे, काका."

"कुनाची हाय ते म्हाईत हाय मला. लाकडाला कशापायी लावली?"

"बाबा लाकडावरच काम करायचे ना?"

"काम लाकडावर करायचा. पर करायचा लोखंडासाठी."

मग त्यांनी सावकाश समजावलं. राजाराम मशीनच्या भागाचा नमुना लाकडात करायचा. तो नमुना वाळूत दाबून साचा व्हायचा, साच्यात कुशाबा लोखंड ओतायचे. लोखंड थंड होताना आकसतं, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. दरवेळी हिशेब कोण करत बसणार? म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तशी यायची. तिच्यावरचा फूट म्हणजे एक फूट आणि वर एक सूत. बारा फुटांना बारा सूत. दीड इंच.

"तुझ्या बापाचं माप कधी चुकलं न्हाई," कुशाबा म्हणाले. "ही बोट भट्टीतनं काढायची असंल, तर एकदम बरूबर हाय."

हितेंद्र मोठ्याने हसला. बकुळाला हसू यायला जरा वेळ लागला.

कारण कळलं, पण गोंधळ वाढला. आतल्या आडव्या फळ्या कुठल्या मापाने कापल्या होत्या? बैठक? सुकाणू? तिने प्रत्येक तुकड्यावर खडूने खुणा केल्या. पट्टीचा असेल तर 'प', टेपचा असेल तर 'टे'. अकरा तुकड्यांपैकी चारांवर तिला प्रश्नचिन्ह काढावं लागलं. हितेंद्रचं म्हणणं, डावी फळी आणि तळ टेपने पुन्हा कापावेत, म्हणजे सगळं नकाशाप्रमाणे होईल. तेवढं प्लाय नव्हतं आणि तेवढे दिवसही नव्हते. बकुळाने एक दिवस खडूच्या खुणा पुन्हापुन्हा तपासल्या. मग तिने सांगितलं की उजवी फळी नवीन कापायची, बाबांच्या पट्टीने.

"चुकीच्या पट्टीने? मुद्दाम?"

"सगळंच सारखं वाढलं तर चुकलं कुठे?"

हितेंद्रने यावर विचार केला. त्याला त्यात काहीतरी गडबड वाटत होती, पण ती कुठे आहे ते त्याला दाखवता येईना. त्याने फळी धरली. तिने कापली.

गुरुवारी संध्याकाळी नवी फळी टाके घालून बसवून झाली. पावसाळी हवेत रेझिन वाळायला वेळ लागणार होता. दोन मोठे दिवे लावून ठेवले तरी शनिवारपर्यंत जेमतेम. म्हणजे काय ते आत्ताच ठरवायचं होतं. बकुळा टेपला हात लावेना आणि पट्टीलाही. तिने पडद्याची दोरी घेतली, नाकापासून मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली आणि तीच दोरी उजव्या कोपऱ्याकडे नेली; गाठ तिथेही कोपऱ्यावरच आली तर नाक मधोमध. गाठ दोन सूत अलीकडे पडली. तिने काही टाके सैल केले, हितेंद्रने खांदा लावला, टाके पुन्हा आवळले. आता गाठ दोन सूत पलीकडे गेली. पुन्हा सैल, पुन्हा खांदा. तिसऱ्यांदा गाठ कोपऱ्यावर आली असं बकुळाला वाटलं. हितेंद्रला वाटलं, एक सूत आत आहे. कुशाबांना विचारलं, तर त्यांना एवढ्या लांबून गाठच दिसत नव्हती.

वैभव फोन हातात घेऊन उभा होता. शिवडीला जायला शनिवारचा टेम्पो आज सांगितला नाही तर मिळणार नव्हता, आणि रविवारी सकाळी बांबूचा ट्रक येणार होता.

"ताई, झाली का सरळ? एकदा काय ते सांगा ना."

बकुळाने दोरीकडे पाहिलं. मग गॅलरीकडे. मघाशी ती वर जाऊन आली होती. वरून बोट सरळ दिसली होती, पण इतका वेळ वाकडी बोट बघितलेल्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न होताच.

"मला नक्की नाही सांगता येत रे," ती म्हणाली. "टेम्पो सांग तू."

वैभवने नंबर लावला. बकुळाने हातमोजे चढवले, काचकापडाची पहिली पट्टी रेझिनमध्ये बुडवली, दोन बोटांत धरून निथळली आणि नाकापासून लावायला सुरुवात केली.