प्लास्टिकमुक्त गावातल्या बाटल्या

मंडळी, एक निवाडा करून द्या.

आज शाश्वत विकास स्पर्धेच्या तपासणी समितीबरोबर जळगाव जामोदजवळच्या एका गावात गेले होते. गावात कुठेही प्लास्टिक नाही, नळाचं पाणी शुद्ध. आम्ही दोन्हीला पैकीच्या पैकी गुण दिले. बक्षीस जवळजवळ गावाचंच होतं.

निघताना ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाण्याच्या बाटल्या पडलेल्या दिसल्या. समितीच्या अध्यक्षांनी लगेच पेन काढलं. "सरपंचताई, हे प्लास्टिक कुणाचं?"

"तुमचंच हाय, साहेब. आताच पेले ना तुमी!"

"पण गावचं पाणी एवढं चांगलं असताना बाटल्या आणल्या कशाला?"

"मंग काय करू? मांगच्या खेपेले आलेल्या साहेबलोकाईनं पाण्याले पैकीच्या पैकी मार्क देल्ले, अन् प्याले बाटलीच मांगतली!"

अध्यक्षांना खोकला आला. मी नळाखाली ओंजळ धरली. पाणी खरंच गोड होतं. गुण मात्र मी ते न पिताच दिले होते.

उद्या गुणपत्रकावर सह्या आहेत. अध्यक्ष म्हणतात, नियम म्हणजे नियम, गावाचे गुण कापा. मला वाटतं, कापायचेच तर समितीचे कापावेत. तुम्ही काय म्हणता?

बाटल्या सध्या माझ्या स्कूटीच्या डिकीत आहेत. त्यातली एक, अर्धी उरलेली, माझीच.