हिरव्या दोरीचा बूट

"काका, काढा गाडी. चाळीस आहेत. मी दोनदा मोजलेत," मॅडम म्हणाल्या.

मी किल्ली काढली आणि खिशात टाकली.

शनिवारवाड्यासमोर दुपारी बस उभी करणं म्हणजे काय, ते पुण्यात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. बाकीच्यांना सांगतो. तिथे सहलीची बस थांबू देत नाहीत. मुलं उतरवायची, गाडी खाली नदीपात्रात लावायची, मॅडमचा फोन आला की परत यायचं, मुलं भरायची आणि निघायचं. पाच मिनिटं आपली. सहावं मिनिट पोलिसाचं. आणि एकदा पुढे गेलं की परत यायला मोठा फेरा.

"एक मुलगी कमी आहे," मी म्हणालो.

"अहो काका, मला चाळीसपर्यंत मोजता येतं."

"येत असेल. मुलगी कमी आहे."

मी चौथीतून शाळा सोडली. सहलीची मुलंही चौथीची. म्हणजे त्या बसमध्ये माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या दोघीच. या मॅडम, आणि मागे उलटी होणाऱ्या एका मुलाला धरून बसलेल्या दुसऱ्या मॅडम. पण गाडी माझी. म्हणजे मालकाची, पण स्टिअरिंगवर मी.

आता मला कसं कळलं ते सांगतो. दार माझ्या डाव्या हाताला. मुलं चढताना मी तोंडं बघत नाही, पाय बघतो. फूटबोर्डवरून एखादा पाय घसरला की दात पडतात, आणि दात ड्रायव्हरच्या नावावर लागतात. सकाळी पर्वती उतरताना ओवी नावाच्या मुलीच्या बुटाची नाडी तुटली होती. बूट ओढत आली. टपावर सामान बांधायची हिरवी नायलॉनची दोरी माझ्या टूलबॉक्समध्ये असते. तुकडा कापून मीच बांधून दिली. तो हिरवा बूट शनिवारवाड्याला खाली उतरला. परत वर चढला नाही.

हे मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सकाळच्या उन्हानं मलाच काही झालं असावं.

"नावं घ्या," मी म्हणालो.

"नावं आगाखान पॅलेसला घेते. आकडा जुळलाय ना?"

तेवढ्यात ट्रॅफिकवाल्यानं बॉनेटवर हात आपटला. "काय हो, घर बांधताय का इथं?"

"साहेब, एक मुलगी आत राहिलीय."

"मॅडम तर म्हणतात सगळी आहेत."

"मॅडमनी डोकी मोजली. मी पाय मोजतो."

"पावती फाडू का?"

"फाडा. तेवढाच वेळ मिळेल."

मागे हॉर्नचा कल्लोळ. मॅडमनी मालकाला फोन लावून माझ्या हातात दिला. मालक ओरडला, "तुला गाडी चालवायला ठेवलाय का शाळा चालवायला? काढ गाडी. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या," म्हणालो आणि फोन परत दिला.

खरं सांगायचं तर शंका मलाही होती. दोरी सुटून पडली असेल आणि मुलगी मागे झोपली असेल तर? पुण्यात असं हसं झालं की माणूस गेल्यावरही लोक सांगत बसतात. पण किल्ली काही मी बाहेर काढली नाही.

मॅडमनी रागारागानं यादी उघडली. हजर, हजर, हजर. "ओवी." बस गप्प. "ओवी!" पुन्हा गप्प.

यादी संपली तशी तिसऱ्या सीटवरची एक मुलगी रडवेल्या तोंडानं म्हणाली, "टीचर, माझं नाव नाही घेतलं."

"तू कोण गं?"

ती दुसऱ्याच शाळेची. आकाशी शर्ट, निळा स्कर्ट. अर्ध्या पुण्यातल्या शाळांचा हाच रंग. दमली होती, समोर पांढरी बस दिसली, चढून बसली. आकडा जुळला तो असा.

मॅडमचा चेहरा उतरला. तिचा हात धरून त्या धावत सुटल्या. मागोमाग मी. ट्रॅफिकवाला म्हणाला, "जा तुम्ही. गाडीकडे मी बघतो."

दिल्ली दरवाजातच त्या मुलीच्या शाळेची रांग लागत होती. तिच्या सरांची मोजणी अजून सुरू व्हायची होती. मॅडम त्यांच्याशी बोलायला थांबल्या. मी पुढे गेलो. आत ही गर्दी. मी खाली बघत, पाय शोधत चाललो होतो. कारंजं मागे टाकलं, तरी नाही. पार शेवटच्या जोत्याजवळ एक उघडा मोजा दिसला.

ओवी बसली होती. बूट मांडीवर, हिरवी दोरी हातात. रडत नव्हती, चिडली होती.

"काका, किती उशीर! तुम्हीच म्हणालात ना, दोरी सुटली तर चालायचं नाही, पडशील. असशील तिथे बस, मी येऊन बांधतो."

म्हणालो होतो. सकाळी, मोठ्या ऐटीत. आणि नंतर नदीपात्रात जाऊन चहा पीत बसलो होतो.

खाली बसून दोरी बांधली. या वेळी दुहेरी गाठ.

पावती फाटली नाही. आगाखान पॅलेसला मॅडमनी चढताना-उतरताना नावं घेतली. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, "मॅडमचा फोन होता. म्हणे, तुझ्यामुळे मुलगी सापडली."

"हो," मी म्हणालो.

माझ्यामुळेच राहिली होती, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. ओवीही बोलली नाही. तिच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. काका येतो म्हणाले, काका आले.

आता टूलबॉक्समध्ये काळ्या नाड्यांचे चार जोड असतात. लहान मुलाला 'मी येतो' म्हणायची वेळच येऊ देत नाही.