हॅलोजनखाली सुकवलेली जखम

पेणजवळच्या हमरापुरात पावसाळ्यात गणपतीच्या मूर्ती आपणहून सुकत नाहीत, सुकवाव्या लागतात. गिरजाबाईचा जन्म त्यातच गेला. हॅलोजनचा दिवा लावायचा, पंखा फिरवायचा, ओल गेली की रंगाला बसायचं. गणपतीचे डोळे आखताना तिचा हात कधी हलला नाही. नवऱ्याच्या पोटावरची पट्टी बदलताना मात्र तो मध्येच थांबायचा.

हैबतरावाच्या आतड्यात कॅन्सर निघाला आणि मुंबईला ऑपरेशन झालं. जखम भरली की केमो सुरू करू, त्याला उशीर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गिरजाबाईने त्यातलं एवढंच मनात धरलं, की जखम लवकर भरली पाहिजे. आणि घरी आल्यावर ती तर चिघळायला लागली! टाक्यांच्या खालच्या टोकाशी पाणी दिसू लागलं, रोज पट्टी ओली निघू लागली.

मग बाईने तिला येत होतं तेच केलं. कारखान्यातला हॅलोजन उचलून आणला, खाटेपासून हातभर लांब ठेवला, पंखा सोडला. "अवो, हलू नका," म्हणाली. हैबतराव बिचारा मखरातल्या देवासारखा पडून राहिला. खरोखरच वर खपली धरली, पट्टी कोरडी निघाली. शेजारच्या बायजाबाईला बोलावून तिने ती खपली कौतुकाने दाखवलीसुद्धा. काय म्हणावं या शहाणपणाला!

पण एका सकाळी हैबतरावाला अशी हुडहुडी भरली, की खाट वाजायला लागली. अंगाला हात लावावा तर चटका. खपलीभोवतीची कातडी लाल, ताठ झालेली. घाईने तापवलेल्या मूर्तीची ओल आत राहते, हे ती स्वतःच कारखान्यातल्या पोरींना ओरडून सांगायची.

मुलगा आदेश धाटावच्या कंपनीतून शिफ्ट सोडून धावत आला. रिक्षातून पेणला नेलं. डॉक्टरांनी टाके उसवले, तसा आतून पू वाहिला.

"माझ्या दिव्यानं झालं काय वो?" तिने विचारलं.

"इन्फेक्शन आधीच आत होतं. दिव्याने ते झाकलं गेलं. पाणी दिसलं तेव्हाच यायला हवं होतं, मावशी."

तिथून मुंबई. जीव वाचला, पण केमो लांबली. त्याने काय होईल, असं आदेशने विचारलं, तेव्हा तिथले डॉक्टर स्पष्ट बोलले, "रोग परत यायचा धोका वाढतो. किती, ते आज सांगता येणार नाही." गिरजाबाई भिंतीला टेकून ऐकत होती.

आता घरी जखम उघडीच ठेवायची होती, तळापासून भरत यायला. रोज त्या खड्ड्यात डोळे घालून ती साफ करायची. असंच एकदा करताना हैबतराव म्हणाला, "उशीर झाला, त्याचं काय गो?"

काय नाय, हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. ते तिने गिळले. "मला लय भ्या वाटतंय," ती म्हणाली.

तो वरच्या कौलांकडे बघत म्हणाला, "थंडी तर आधीपासनं वाजत व्हती. दिव्याखाली पडलो व्हतो तवा पन. तू घाबरशील म्हनून बोललो नाय."

रडावं की या माणसाला झोडावं, तिला कळेना. "आन आता?" ती जवळजवळ ओरडलीच. "आता काय व्हतंय, ते सांगा!"

"आता मला पन भ्या वाटतंय," हैबतराव म्हणाला.

तिने थर्मामीटर त्याच्या काखेत घातला आणि आकडा येईपर्यंत त्याचा हात धरून बसली.